फ्रेंच पंगतीला बसताना

महाविद्यालयात एकत्र शिकलेले आम्ही पाच जण वीस वर्षांनी पॅरिसमध्ये भेटलो. तिघे पुण्या-मुंबईहून आले होते, एक लंडनहून आणि एक जर्मनीतून. पहिल्याच संध्याकाळी ‘अस्सल फ्रेंच’ जेवायचे असा ठराव झाला आणि एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये फोन करून पाच जणांसाठी टेबल राखून ठेवले. जेमतेम वीस-बावीस माणसे मावतील एवढी जागा, भिंतीवर काळा फळा आणि त्यावर खडूने लिहिलेले मोजके पदार्थ : सुरुवातीचे तीन, मुख्य तीन आणि गोड तीन. आमच्यातली एक मैत्रीण जन्मापासून शाकाहारी आहे. मुख्य पदार्थांत एक गोमांसाचा, एक बदकाचा आणि एक माशाचा होता. कांद्याचे सूप गोमांसाच्या कढणात शिजवलेले निघाले. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे होते आणि वाढणाऱ्याने ते वेचून काढून देण्याची मोठ्या आपुलकीने तयारी दाखवली. अखेर तिने पाव आणि हिरवी पाने खाल्ली आणि ‘मला फारशी भूकच नाही’ असे म्हणत अडीच तास हसतमुखाने बसून राहिली. आम्हा चौघांचा घास मात्र घशाखाली नीट उतरला नाही.

दोष त्या रेस्टॉरंटचा नव्हता. स्वयंपाकघरात दोनच माणसे, त्या दिवसापुरता आणलेला माल आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या टेबलांसाठी होणारा स्वयंपाक, अशी तेथली व्यवस्था होती. आम्ही तिची चौकशीच केली नव्हती. आपल्याकडील उडुपी हॉटेलाप्रमाणे केव्हाही शिरावे आणि हवे ते मागवावे, याच समजुतीने आम्ही तेथे गेलो होतो. फ्रान्समध्ये मित्रांसह बाहेर जेवणे हा एक विधीच आहे. त्याला अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, ठरलेला क्रम आहे आणि काही बाबतींत कायद्याचे पाठबळही आहे. ते सारे थोडे समजून घेतले, तर पंगतीतून कुणी उपाशी उठत नाही. त्यासाठीच ही ओळख.

कढणाच्या दुकानापासून

‘रेस्टॉरंट’ हे आज जगभर जागेचे नाव आहे; मुळात ते एका पदार्थाचे नाव होते. फ्रेंच भाषेत ‘रेस्तोरे’ म्हणजे पूर्ववत करणे, गेलेली शक्ती भरून आणणे. अशक्त माणसाला ताकद यावी म्हणून देण्यात येणाऱ्या मांसाच्या कढणाला त्यावरून ‘रेस्तोराँ’ म्हणत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये असे कढण विकणारी दुकाने निघाली. १७६५ साली बुलांजे नावाच्या माणसाने पहिले रेस्टॉरंट काढले, अशी कथा अनेक पुस्तकांत आढळते. इतिहासकार रिबेका स्पँग यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मात्र हा मान त्याच दशकातील मातुरँ रोझ द शाँत्वाझो या खटपट्या गृहस्थाला दिला आहे.

त्याआधी बाहेर जेवायचे, तर खानावळीतल्या ‘ताब्ल दोत’वर म्हणजे यजमानाच्या टेबलावर बसावे लागे. वेळ ठरलेली, टेबल सर्वांना मिळून एक, समोर येईल ते खायचे आणि शेजारी कोण बसेल हे आपल्या हाती नाही. नव्या दुकानांनी यात तीन बदल केले. गिऱ्हाइकाला स्वतंत्र छोटे टेबल मिळाले, आपल्या सोयीने येण्याची मुभा मिळाली आणि दर लिहिलेल्या यादीतून पदार्थ निवडण्याचा अधिकार मिळाला. आपल्या मित्रांबरोबर, आपल्या टेबलावर, आपल्या पसंतीचे जेवण ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते, की तीही कधीकाळी नवलाईची होती हे ध्यानात येत नाही.

राजघराण्याच्या सेवेत राहिलेल्या आंत्वान बोव्हिलिए याने राज्यक्रांतीपूर्वीच्या दशकात पॅरिसमध्ये थाटामाटाचे रेस्टॉरंट काढले. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर अनेक सरदार घराण्यांतील आचाऱ्यांना नवे काम शोधावे लागले आणि प्रांतोप्रांतीचे प्रतिनिधी राजधानीत मुक्कामाला आले. रेस्टॉरंटांची संख्या वाढण्यास याचाही हातभार लागला. १८०३ पासून ग्रिमो द ला रेनिएर याने खवय्यांसाठी वार्षिक मार्गदर्शक काढण्यास आरंभ केला, तर १८२५ च्या अखेरीस ब्रिया-साव्हारँ या न्यायाधीशाचा रसनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. जेवणाविषयी गांभीर्याने लिहिण्याची फ्रेंच परंपरा या दोघांपासून रुजली.

सारे एकदम की एकामागून एक?

मराठी पानात प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते. वर मीठ-लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी. वाढपालाही क्रम आहे. वरणभाताने सुरुवात आणि ताकभाताने शेवट. तरी जेवणाऱ्याला बसल्या बसल्या बहुतेक सारे पान समोर दिसते. कुठल्या घासाला काय तोंडी लावायचे, हे तो स्वतः ठरवतो. फ्रेंच जेवणात ही मुभा नसते. तेथे एक पदार्थ संपतो, ताटली उचलली जाते, काटा-सुरी बदलते आणि मग पुढचा पदार्थ येतो.

गंमत अशी, की फ्रान्समध्येही पूर्वी सारे एकदमच मांडण्याची रीत होती. अमीर-उमरावांच्या मेजवान्यांत जेवणाचे दोन-तीन टप्पे असत आणि प्रत्येक टप्प्याला डझनावारी पदार्थ एकाच वेळी टेबलावर नीटस रचले जात. पाहुण्याने आपल्या हाताशी असेल ते घ्यावे. देखावा अप्रतिम होई. पण गरम पदार्थ गार होत आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा पदार्थ कित्येकांच्या नशिबी येत नसे. आंतोनँ कारेम (१७८४-१८३३) हा थोर आचारी या वैभवाचा शेवटचा मोठा प्रतिनिधी मानला जातो. एकेक पदार्थ स्वयंपाकघरातूनच वाटे करून, गरम असताना आणि सर्वांना एकाच वेळी देण्याची ‘रशियन पद्धत’ एकोणिसाव्या शतकात रूढ होत गेली. ती पॅरिसला दाखवण्याचे श्रेय परंपरेने १८१० च्या सुमारास तेथे असलेला रशियन राजदूत कुराकिन याला देतात. पुढे ओग्युस्त एस्कोफिए (१८४६-१९३५) याने मोठ्या हॉटेलांतील स्वयंपाकघरांची विभागवार शिस्त लावली. कुणी फक्त रस्से पाहायचे, कुणी भाजणे, कुणी गोड पदार्थ. १९०३ साली निघालेला त्याचा पाककृतींचा ग्रंथ व्यावसायिक आचाऱ्यांना आजही आधारभूत वाटतो.

मित्रमंडळींच्या दृष्टीने या इतिहासाचा एक थेट परिणाम आहे. संपूर्ण टेबल एकाच चालीने पुढे जाते. सर्वांचा पहिला पदार्थ संपल्याशिवाय स्वयंपाकघरातून दुसरा येत नाही. पाचांपैकी दोघांनीच सुरुवातीचा पदार्थ मागवला, तर उरलेले तिघे रिकाम्या जागेकडे पाहत बसतात. म्हणून तेथील लोक मागणी देण्यापूर्वी एकमेकांना विचारतात : आपण दोन पदार्थ घ्यायचे की तीन? काय घ्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. किती टप्पे घ्यायचे हे सर्वांनी मिळून ठरवावे, अशी ही अलिखित रीत आहे.

नोव्हेंबर २०१० मध्ये युनेस्कोने ‘फ्रेंचांचे पाकरसिक भोजन’ मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. तेव्हा कुठल्याही पदार्थाला किंवा नामांकित रेस्टॉरंटला हा मान मिळाला नव्हता. जन्म, विवाह, वाढदिवस, यश किंवा पुनर्भेट साजरी करण्यासाठी माणसांनी एकत्र बसून चांगले खाण्या-पिण्याची जी सामाजिक रीत आहे, तिची ती नोंद होती. आधी एखादे पेय, मग सुरुवातीचा पदार्थ, भाजीसह मासे किंवा मांस, चीज, गोड आणि शेवटी पुन्हा एखादे पेय, असा त्या भोजनाचा क्रम तेथे नमूद आहे.

कोणत्या दारातून जावे?

फ्रान्समध्ये जेवणाच्या जागांची नावे आपापली ओळख सांगतात. ‘बिस्त्रो’ म्हणजे छोटी, घरगुती वळणाची, मोजक्या पदार्थांची जागा. ‘ब्रासरी’ या शब्दाचा मूळ अर्थ बीअर गाळण्याची भट्टी. पॅरिसमधील अनेक जुन्या ब्रासरींचे नाते आल्सास प्रांताशी आहे. १८७०-७१ च्या युद्धानंतर तो प्रांत जर्मनीकडे गेला आणि तेथील बरीच कुटुंबे पॅरिसला आली, तेव्हा त्यांची बीअर आणि आंबवलेल्या कोबीचा पदार्थही राजधानीत आला. ब्रासरी मोठी असते, दिवसभर उघडी असते आणि पदार्थांची यादी लांब असते. लहान-मोठ्या आवडीनिवडींच्या घोळक्यासाठी ती सर्वांत सोयीची. ब्रेतान्य प्रांताची खासियत असलेल्या ‘क्रेपरी’त कुट्टूच्या पिठाचे पातळ धिरडे भरून देतात. लियों शहरातील ‘बुशों’ मात्र मांसप्रेमींसाठी. तेथे आतडी, यकृत अशा पदार्थांचा बडेजाव असतो.

‘बुयों’ हा प्रकार मुद्दाम सांगण्यासारखा आहे. बुयों म्हणजे पुन्हा कढणच. १८५० च्या दशकात द्युव्हाल नावाच्या पॅरिसमधील खाटकाने कष्टकऱ्यांना स्वस्तात गरम कढण आणि मांस मिळावे म्हणून अशा खानावळी काढल्या आणि त्यांचे पेव फुटले. १८९६ साली सुरू झालेली ‘बुयों शार्तिए’ फोबूर माँमार्त्र रस्त्यावर आजही चालू आहे. उंच छत, आरसे, पितळी दांड्या, कागदी टेबलपोस आणि त्या कागदावरच हिशेब मांडणारे वाढपी. गर्दीच्या वेळी तेथे अनोळखी माणसांच्या शेजारी बसवतात. जुन्या ताब्ल दोतची आठवण देणारी ही पद्धत पाच मित्रांच्या गप्पांत एखादा सहावा पाहुणाही आणून सोडते.

याच्या दुसऱ्या टोकाला मिशलँ गाइडमधील तारांकित रेस्टॉरंटे. हे मार्गदर्शक टायर बनवणाऱ्या मिशलँ बंधूंनी १९०० साली मोटार चालवणाऱ्यांसाठी फुकट वाटायला काढले. १९२६ पासून त्यात ताऱ्याची खूण आली आणि १९३० च्या दशकात एक, दोन आणि तीन तारे अशी श्रेणी झाली. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावे असे ठिकाण आणि तीन म्हणजे तेवढ्यासाठीच प्रवास करावा असे. पहिल्यांदा जाणाऱ्या मित्रमंडळींनी तेथूनच आरंभ करण्याचे कारण नाही. जायचेच असेल तर दुपारी जावे. तेथील दुपारचे ठरावीक दराचे भोजन रात्रीच्या मानाने बरेच स्वस्त पडते.

वेळेचे भान मात्र हवे. दुपारचे जेवण साधारण बारा ते दोन आणि रात्रीचे साडेसातनंतर. अडीच वाजता भुकेजून गेलेल्या प्रवाशाला छोट्या रेस्टॉरंटचे स्वयंपाकघर बंद झालेले आढळते. रविवार-सोमवार आणि ऑगस्ट महिना हे अनेकांच्या सुट्टीचे. चारपेक्षा अधिक माणसे असतील, तर आधी फोन करून टेबल राखून ठेवणे केव्हाही श्रेयस्कर.

फळ्यावरची भाषा

पहिली अडचण शब्दांची. ‘मेन्यू’ म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणे पदार्थांची यादी नव्हे. यादीला तेथे ‘कार्त’ म्हणतात. ‘मेन्यू’ म्हणजे ठरावीक दरात दोन, तीन किंवा अधिक पदार्थांचे ठरलेले जेवण. त्याचाच आटोपशीर प्रकार म्हणजे ‘फॉर्म्यूल’. त्यात सुरुवातीचा आणि मुख्य किंवा मुख्य आणि गोड अशी जोडी असते. यादीतून सुटे पदार्थ निवडणे म्हणजे ‘आ ला कार्त’, आणि ते महाग पडते. ‘प्ला द्यू जूर’ हा त्या दिवसाचा खास पदार्थ. ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, ‘प्ला’ म्हणजे मुख्य, ‘फ्रोमाज’ म्हणजे चीज आणि ‘देसेर’ म्हणजे गोड. अमेरिकेत मुख्य पदार्थालाच ‘आंत्रे’ म्हणतात. त्यामुळे तिकडून आलेल्या मित्राची फसगत होण्याचा संभव असतो.

मांसाची नावे पाठ करून जावीत. ‘बफ’ म्हणजे गोमांस, ‘व्हो’ वासराचे, ‘पोर’ डुकराचे, ‘आन्यो’ कोकराचे, ‘पूले’ कोंबडी, ‘कानार’ बदक, ‘लापँ’ ससा आणि ‘प्वासों’ मासे. गोमांस न खाणाऱ्याने ‘तार्तार’ या शब्दापासूनही दूर राहावे. पुष्कळदा तो कच्च्या गोमांसाचा बारीक कुटलेला पदार्थ असतो आणि वर अंड्याचा कच्चा बलक असतो. भाजलेले मांस मागवणाऱ्याला ते किती शिजवायचे हे विचारतात. ‘ब्ल्यू’ म्हणजे जवळजवळ कच्चे, ‘सेन्याँ’ म्हणजे आतून लाल, ‘आ प्वाँ’ मध्यम आणि ‘ब्यँ क्वी’ पूर्ण शिजलेले. फ्रेंचांचे ‘मध्यम’ आपल्याला कच्चेच वाटते, म्हणून आपण एक पायरी पुढचे सांगावे.

फळ्यावर किंवा यादीत छप्पर असलेल्या पातेल्याचे चित्र दिसले, तर तो पदार्थ तेथेच, कच्च्या जिनसांपासून बनवलेला आहे असे समजावे. तयार पदार्थ गरम करून वाढण्याच्या प्रकाराला आळा बसावा म्हणून ‘फे मेजों’ म्हणजे ‘घरी केलेले’ ही खूण २०१४ मध्ये कायद्याने आणण्यात आली.

शाकाहाऱ्याची ताटली

आता आमच्या पहिल्या संध्याकाळच्या चुकीकडे वळू. फ्रेंच स्वयंपाकात मांस हे पुष्कळदा चवीसाठी, न सांगता असते. कांद्याच्या सूपात गोमांसाचे कढण, ‘किश लोरेन’ या खारट पायमध्ये आणि कित्येक सॅलडांत ‘लार्दाँ’ म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे, नीस शहराच्या सॅलडमध्ये टूना किंवा अँकोव्ही मासे, बटाटे तळायला क्वचित बदकाची चरबी. गोडातही सावध राहावे लागते. क्रीम ब्र्युले आणि चॉकलेट मूसमध्ये अंडी असतात. काही थंड, थरथरत्या पदार्थांत प्राणिजन्य जिलेटिन असते. नामांकित फ्रेंच चीज बहुधा वासराच्या जठरातील रेनेटने विरजलेले असते, हेही कडक शाकाहाऱ्याने जाणून असावे.

‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून भागत नाही. काहींच्या लेखी मासे खाणाराही शाकाहारीच असतो. मांस नाही, मासे नाहीत, मांसाचे कढण नाही, डुकराचे तुकडे नाहीत, असे एकेक नाव घेऊन सांगावे आणि अंडी-दूध चालते की नाही हेही स्पष्ट करावे. सांगण्याची योग्य वेळ म्हणजे टेबल राखून ठेवतानाची. जेवणाच्या ऐन घाईत विचारले, तर आचाऱ्यापाशी काढून टाकण्यापलीकडे उपाय नसतो. आदल्या दिवशी सांगितले, तर तो बाजारातूनच वेगळे आणू शकतो. कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन मित्रासाठी तर ही पूर्वसूचना अपरिहार्य आहे.

हमखास मिळणारे काही पदार्थ लक्षात ठेवावेत. प्रोव्हांस प्रांताची ‘रातातुई’ ही वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि झुकिनीची भाजी. बटाट्याचे काप साय आणि लसूण घालून भट्टीत भाजलेला ‘ग्रातँ दोफिन्वा’. क्रेपरीतले चीज किंवा मशरूम भरलेले कुट्टूचे धिरडे. अंडी चालत असतील तर ऑम्लेट. गोडात सफरचंदाची उलटी टार्ट ‘तार्त ताताँ’ किंवा फळांचे सॉर्बे. मोठ्या आचाऱ्यांचाही दृष्टिकोन बदलतो आहे. पॅरिसमधील ‘लार्पेज’ या तीन तारांच्या रेस्टॉरंटचे आलँ पासार यांनी २००१ मध्ये आपल्या यादीतून तांबडे मांस काढले आणि भाज्यांना मुख्य जागा दिली. २०२५ मध्ये त्यांनी मध वगळता सर्व प्राणिजन्य पदार्थ बंद केले. मोठ्या शहरांत निव्वळ शाकाहारी जागाही आता दिसू लागल्या आहेत. पण छोट्या गावातल्या बिस्त्रोत आजही पूर्वसूचना हाच खरा आधार.

टेबलावरची रीत

आत शिरताच ‘बाँजूर’ किंवा संध्याकाळी ‘बाँस्वार’ म्हणावे. हे शब्द न उच्चारता थेट मागणी करणे तेथे उर्मटपणाचे गणले जाते. वाढणाऱ्याला ‘गार्सों’ म्हणजे ‘ए पोरा’ अशी हाक मारू नये; ‘मस्यू’ किंवा ‘मादाम’ म्हणावे. रिकामे टेबल दिसले म्हणून आपणच जाऊन बसू नये. हात मांडीवर न ठेवता मनगटे टेबलाच्या कडेवर दिसतील अशी ठेवावीत. सर्वांच्या ताटल्या आल्याशिवाय कुणी आरंभ करत नाही. आपल्या पंगतीतही वाढप पूर्ण होईपर्यंत थांबतातच.

पावाला वेगळी बशी बहुधा नसते. तो टेबलावर आपल्या डाव्या हाताशी ठेवायचा, दाताने न तोडता हाताने तुकडा मोडायचा आणि तोही मुख्यतः पदार्थाबरोबर खायचा. भूक लागली म्हणून सुरुवातीलाच पावावर ताव मारला, तर पुढच्या तीन टप्प्यांवर अन्याय होतो. चीज गोडाच्या आधी येते. त्रिकोणी तुकड्याचे टोक एकट्याने कापून घेऊ नये, कारण मध्यभागाची चव सर्वांच्या वाट्याला यावी अशी अपेक्षा असते. कॉफी गोड पदार्थानंतर, छोट्या पेल्यात आणि बिनदुधाची. दुधाची कॉफी ही तेथे सकाळची.

मद्य न घेणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही. घेणाऱ्यांनी बाटली मागवली, तर आधी एकाच्या पेल्यात थोडीशी ओततात. वाइन आवडली का, असा तो प्रश्न नसतो. बुचामुळे ती बिघडली तर नाही ना, एवढेच तपासायचे असते. पेला उंचावताना एकमेकांच्या डोळ्यांत पाहण्याची प्रथा आहे. ती पाण्याच्या पेल्यानेही पाळता येते.

पाणी, दर आणि बिल

पैशांबाबत आपल्या लोकांच्या मनात धास्ती असते आणि ती अज्ञानातून येते. ‘यून काराफ दो’ असे म्हटले, की साध्या नळाच्या पिण्याच्या पाण्याचे भांडे येते. ते आणि पाव जेवणाच्या दरातच धरलेले असतात. पाणी फुकट मिळते हे यादीत किंवा भिंतीवर दिसेल असे लिहिण्याचे बंधन २०२२ पासून आहे. नुसते ‘पाणी’ म्हटले, तर मात्र विकतची बाटली येण्याची शक्यता अधिक.

यादीतील दरांतच कर आणि सेवाशुल्क अंतर्भूत असते. १९८७ पासून दर याच पद्धतीने दाखवण्याचा नियम आहे. त्यामुळे बिलाच्या तळाशी एकदम वाढलेला आकडा पाहून दचकण्याचा प्रसंग येत नाही. वर बक्षिशी देणे ऐच्छिक. सेवा आवडली तर काही नाणी ठेवावीत. उरलेले अन्न बांधून मागण्यात पूर्वी संकोच वाटे. अन्नाची नासाडी टाळण्यासाठी जुलै २०२१ पासून ग्राहकाने मागितल्यास डबा देणे रेस्टॉरंटांना बंधनकारक झाले आहे.

बिल आपण मागितल्याशिवाय येत नाही. कित्येक भारतीय प्रवाशांना हा वाढप्याचा हलगर्जीपणा वाटतो. प्रत्यक्षात ते सौजन्य असते, कारण न मागता बिल आणून ठेवणे म्हणजे पाहुण्याला उठवणे. गप्पा संपल्या, की ‘लादिसियों, सिल व्हू प्ले’ म्हणावे. मित्रांत फ्रेंच लोक बहुधा समान वाटणी करतात. पण एकाने तीन टप्पे आणि वाइन घेतली असेल आणि दुसऱ्याने केवळ सूप, तर समान वाटणी दुसऱ्याच्या खिशाला आणि मनालाही बोचते. कोण कसे देणार हे बसतानाच ठरवावे. बिल आल्यावरची घासाघीस साऱ्या संध्याकाळची गोडी घालवते.

तिसरी संध्याकाळ

आमची पहिली संध्याकाळ फसल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही एका वेगळ्या, तेवढ्याच छोट्या रेस्टॉरंटमध्ये फोन केला. उद्या रात्री पाच जण. एक जण मांस, मासे, मांसाचे कढण, डुकराचे तुकडे यांपैकी काहीही खात नाही. अंडी आणि दूध चालते. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये कागदावर लिहून घेतलेली वाक्ये वाचून दाखवली. पलीकडच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, ‘त्यांना मशरूम आवडतात का?’

तिसऱ्या संध्याकाळी गेलो. किती टप्पे घ्यायचे ते आधीच ठरले होते : सर्वांनी तीन. काराफमधले पाणी आले, पाव आला. पहिल्या पदार्थानंतर थोडा वेळ गेला. मैत्रीण काही बोलली नाही, पण स्वयंपाकघराच्या दाराकडे तिची नजर दोनदा गेली. मग दोन वाढपी आले आणि पाचही ताटल्या एकाच वेळी टेबलावर ठेवल्या गेल्या. तिच्या ताटलीत बटाट्याचे सोनेरी थर होते, लोण्यात परतलेले मशरूम होते आणि हिरव्या शेंगा होत्या. तिने आम्हा चौघांकडे पाहिले आणि आपल्या पंगतीत करतात तशी ‘करा सुरुवात’ अशी मान हलवली. त्या रात्री बिल मागायला कुणालाही घाई नव्हती.